दोन माणसांची गाडी

न्हाय, केराबाई, बांगड्या हिरव्याच भरा — गड्ड्याच्या जत्रेला हिरव्याच लागतात, कासारीण तुमी, तुमाला मी सांगू व्हय? — आणि साडी झटका आधी, दारातनं येताना त्या मोटारीला घासलीय. सगळ्यांचीच घासती. व्हय, हीच ती. गिरणीतला गोरा इंजिनेर विलायतेला चालला, त्याची जुनी, शर्यतीत पळवायचा म्हणे तो — आणि आमच्या ह्यांनी आपली चांगली काळी मोटार देऊन ही घेतली. काळी तुमी बघितली न्हवती? सात माणसं बसायची तीत, मागं बायकांसाठी पडदे, चालवायला संगप्पा. सासूबाईंना अक्कलकोटला, मला माहेरी बार्शीला, नणंदांना बाळंतपणाला आणायला — कधी वाटंत बंद पडली न्हाय. आणि ही? पाऊस आला की आत तळं, सुरू करायला पेढीवरचे दोन हमाल सुताची गठुळी टाकून ढकलायला येतात, आणि बसायला दोनच माणसं. पेठेतले व्यापारी हसले, सासूबाई चार दिवस लेकाशी बोलल्या न्हाईत. हळू की, हाड हाय तितं.

का घेतली म्हणून काय विचारता — हौस. मी सगळ्यांना हेच सांगते, हौस. सासरे गेले, नणंदा आपापल्या घरी, लेकरू तर देवानं दिलंच न्हाय, मग सात जागा कशाला — असंबी सांगते. पण काळ्या मोटारीत हे पुढं संगप्पाजवळ बसायचे आणि मी मागं, पडद्याआड, सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून. अकरा वर्षं मी ह्यांची नुसती मान बघितली, टोपीखालची. एकदा आपणहून म्हणाले, वाटंत तू काय बघतीस, मला कधी कळतच न्हाय. मी म्हटलं, पडदा बघते. आणि पुढच्याच महिन्यात ही दारात आली.

संध्याकाळची वेळ, सगळा बोळ बघायला गोळा झालेला, सासूबाई कट्ट्यावर. ह्यांनी मोटारीचं दार उघडून धरलं आणि सगळ्यांदेखत नावानं हाक मारली — "दाक्षायणी, चल, विजापूर वेशीपर्यंत जाऊन येऊ." मी काय केलं? पदर ओढला आणि आत गेले. तेवढंच केलं असतं तर चाललं असतं की — पण चुलीपुढनं बोलले, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं — "मी काय तमाशातली हाय व्हय, उघड्यावर बसून फिरायला?" हसले सगळे. सासूबाई म्हणाल्या, शहाणी हाय माझी सून. आणि मला लई बरं वाटलं हो त्या वेळी, खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत कौतुक केलं होतं. खिडकीतनं बघितलं तर हे अजून दार धरून उभे. मग लावलं आणि एकटेच गेले. परत कधी विचारलं न्हाय.

मी वाट बघितली, केराबाई. तीन वर्षं. हमालांचा ढकलतानाचा आवाज आला की हातातली कणीक तशीच टाकून खिडकीशी — आज विचारतील, आज विचारलं तर चप्पलबी घालणार न्हाय, अशीच जाईन. न्हाय विचारलं तर उद्या. आपण होऊन कसं म्हणायचं? सासूबाई होत्या ना. त्या ह्या श्रावणात वारल्या. मग लाजायला उरलं कोण? म्हणून काल दुपारी इरकल नेसले, बोळात बायका बसलेल्या असताना बाहेर गेले, आणि — लग्नापासनं मी ह्यांच्याकडं कधी काही मागितलं न्हाय — म्हटलं, "येऊ का मी?"

ह्यांनी मोटारीचं दार उघडलं. मग शेजारच्या जागेवरचं कांबळं उचललं. खाली बसायची गादीच न्हवती. नुसत्या फळ्या, वर सुताचं एक गठुळं. दोन वर्षं झाली म्हणे ती गादी काढून, पेढीवर दिवाणजी बसतात तिच्यावर. दोन वर्षं, केराबाई — आणि मी आपली खिडकीत. वरनं कळत न्हाय हो, कांबळं टाकलेलं असायचं.

रागावून बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते. रागावले न्हाईत. मी म्हटलं, पुन्हा बसवता येत न्हाय का ती? तर कांबळं नीट पसरत, लई मवाळ आवाजात म्हणाले —

"आता कशाला?"

मी आत आले, इरकल सोडून घडी घातली. रात्रभर ते 'आता कशाला'च कानात. तुमाला काय वाटतं, मी — न्हाय, ऱ्हाऊ द्या. हात सोडा. डावा उद्या भरू. उठा, केराबाई, उठा आता, आणि जाताना दार लोटून घ्या.