खरं बोलणाऱ्या बाईनं घर विकावं कसं?

...आणि दारामागून बोललं कोण? मीच! म्हणजे बघा, घर आमचं, विकायची घाई आमची, गिऱ्हाईक ओसरीवर टेकलेलं, पानाचं तबक पुढं सरकवलेलं, पुंजाजी दलाल छातीवर हात ठेवून सांगतोय, "दौलतराव, धाबं असं पक्कं हाय का भर पावसात खाली पोथी वाचत बसा, अक्षर नाही भिजायचं!" आणि आतून मी म्हणते, "तीनच ठिकाणी गळतं हो, चौथ्या ठिकाणी फक्त जोराचा आला तर!" दौलतराव रिठदचे, भला माणूस. हसले नाहीत, रागावले नाहीत. पान तोंडात घातलं, पायात जोडे घातले आणि गेले! तुम्हाला सांगते, मला खोटं बोलता येत नाही!

दोष शाळेचा. माहेरी अकोल्याला मराठी चौथी झाले मी, आणि मास्तरीणबाईंनी खरं बोलण्याची ओळ कित्त्यात इतक्यांदा गिरवून घेतली की बोटांना घट्टे पडले. जिभेलाही पडले असावेत. की दोष माझाच? कोण जाणे! आमचे हे म्हणतात, "शिकलेली बायको केली ना म्या, मंग भोगतो आता!"

अहो, एक काळ होता, आमच्या पेठेत घर रिकामं होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी लोक दारात येऊन बसायचे. मग आगगाडी आली, आणि बाजार निघाला स्टेशनाकडं. कापसाचं जिन तिकडं, अडत्ये तिकडं, चहावालासुद्धा तिकडं! जिथं काल गाढवं लोळत होती तिथं टिनाच्या खोल्यांसाठी भांडणं, आणि आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दाराला कुलूप! त्यात सन अठराची ती मानमोडी. त्या तापानं दोन महिन्यांत घरंच्या घरं रिकामी केली. विकणारे सगळे, घेणारा एखादा, आणि तो एखादा आला की पहिला प्रश्न काय? विहिरीचं पाणी गोड आहे का? नाही! "या घरात कोनी गेलं तं नाही ना?"

आता आमच्या घरात दोघं गेले. थोरला पाच वर्षांचा, धाकटा तिनाचा. मधघरात. आठ दिवसांच्या आत. हे मी असं भरभर सांगून टाकते, कारण हळू सांगायला गेले की पुढचं सांगायचं राहूनच जातं...

तर राहिली लेक, जिजा. तेव्हा अंगावर पीत होती. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ती खोकली. एकदाच! मी हातातलं पीठ तसंच टाकलं आणि म्हटलं, या घरात आता राहायचं नाही. हे म्हणाले, "अवो, रोग हवेतून येते, भिंतीतून नाही येत, तूच तं पुस्तकातून वाचून दाखवलं होतं मले!" वाचून दाखवलं होतं, खरं आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचं मधघर कुठं पाहिलं होतं? भिंतीला भिंत लागून गोजराबाई राहते, तिनं तर साऱ्या गल्लीत केव्हाच सांगून ठेवलं होतं, "त्या घराले लेकरू सोसत नाही वं माय!" मला ते पटत नव्हतं. मुळीच पटत नव्हतं. आणि जिजाला मी मधघराचा उंबरा ओलांडू देत नव्हते! अशी मी शिकलेली! शेवटी हे स्टेशनाजवळ दोन खोल्या बघून आले, पण हे घर विकल्या जाईल तेव्हा ना त्या खोल्या?

मग आले मदनसिंग, लाकडाचे ठेकेदार. "इच्चू-काटा?" त्यांनी विचारलं. पुंजाजी म्हणाला, "नावाले नाही!" आणि मी... अहो, मी तर घराची तारीफच करायला गेले! म्हटलं, "यंदा सातच विंचू निघाले, मागच्या साली अकरा होते." मदनसिंगांना हसून हसून ठसका लागला, तांब्याभर पाणी प्यायले आणि तेही गेले. पुंजाजीनं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "वयनी, एक काम करा. पुढच्या बारीले तोंडात सुपारी धरा. मोठी पाहून!" मी काय करू? मला खोटं बोलता येत नाही!

तिसरे हबीबभाई. गाद्या-रजयांचं दुकान पेठेतच, आणि स्टेशनाचं नाव काढलं की हात जोडायचे. "मी कायले जाऊ तिकडं? गाडी धरणारा मानूस काय गादी इकत घेते?" सोबत बायको, हाजराबी, माझ्याच वयाची, आणि तिच्या कडेवर मुनाफ, सात-आठ महिन्यांचा. मी सुपारी धरून उभी. हबीबभाई धाब्यावर चढले, विहिरीत वाकले, मला एका शब्दानं विचारलं नाही. पण बाई ती बाई! ती आत आली, थेट मधघरात गेली आणि मुनाफला खाली ठेवलं. त्याच जागी. पोरगं जमिनीवर थापट्या मारतंय, खिदळतंय, आणि माझ्या तोंडातली सुपारी ना थुंकवे ना गिळवे!

"मस्त थंडक हाय इथं," हाजराबी म्हणाली. "इथंच निजवत जाईन याले."

"इथं नको," मी म्हटलं. सुपारी कुठं गेली देव जाणे. "ओसरीवर निजवा. तिथं... हवा मोकळी असते."

ती माझ्याकडं बघत राहिली. "लेकरं किती तुमाले, बाई?"

"तीन."

"एकच तं दिसून राह्यली."

ओसरीवर हे खाकरले. पुंजाजी खाकरला. मी तोंड उघडलं. सांगणारच होते, शपथ घेऊन सांगते, सांगणारच होते! आणि निघालं काय? "दोघं आजोळी आहेत. अकोल्याला. थोरला पहिलीत आहे, तिकडची शाळा चांगली ना, आणि धाकट्याला भावावाचून चैन पडत नाही, म्हणून त्यालाही ठेवलं." एवढं! कुणी विचारलं होतं एवढं?

"या अल्ला! मायेले कसं करमते मंग?"

"नाही करमत," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

त्याच दिवशी इसाराचे पैसे हातात पडले. पुंजाजी नाचायचा बाकी होता. "वयनी, हे असं पयलेच बोलल्या असत्या तं!" आणि हे? सामान घेऊन स्टेशनाकडं निघालो, तेव्हा गाडीत सारा वेळ बैलांच्या शिंगांकडं बघत बसले.

दोन वर्षं झाली याला. आठवडी बाजारात हाजराबी भेटते. मी आधी तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या बोटाकडं बघते, कारण मुनाफ आता चालतो. तो दिसला की माझा जीव भांड्यात पडतो, मग मला भाजी दिसायला लागते! आणि ती विचारते, "आजोळून आले का लेकरं?" मी म्हणते, "नाही हो, तिकडंच रमलेत." दिवाळीला विचारते, उन्हाळ्यात विचारते.

आणि तिला काही माहीत नाही असं समजू नका हं! गोजराबाई शेजारी असताना? नव्या घरात चूल पेटायच्या आत तिनं सगळं सांगितलं असणार, वार आणि वेळेसकट! हाजराबीला सगळं माहीत आहे. तरी विचारते. घराबद्दल कधी एक शब्द नाही, पोरांबद्दल विचारते. परवाचंच घ्या, वांगी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "थोरला आता कितवीत गेला, बाई?"

आता काय सांगावं? तुम्हाला तर माहीतच आहे, मला खोटं बोलता येत नाही...

"तिसरीत," म्हटलं. "पण गणितात कच्चा आहे हो. माझ्यावर गेलाय."