उपकारस्तुतीची तालीम

सुरेखाआत्या : थांब. मधलं वाक्य गाळलंस.

सायली : आता काय राहिलं, आत्या? दहावीच्या एक्क्याण्णव टक्क्यांबद्दल देवाचे उपकार मानले, क्लासच्या सरांबद्दल मानले, तुझ्या या गारखेड्यातल्या घराबद्दल, अगदी कूलरबद्दलसुद्धा. प्रार्थना आणखी लांबवली तर पास्टरकाका घोरायला लागतील.

सुरेखाआत्या : दात काढू नकोस. तासाभरात मंडळी येतील. ‘जिला मला सांभाळता आलं नाही’, तिथून म्हण.

सायली : आई आत पुऱ्या लाटतेय. ऐकू जाईल तिला.

सुरेखाआत्या : जाऊ दे की. वेरूळहून बोलावलंय कशाला मग?

सायली : बाबा गेल्यावर तिनंच मला तुझ्याकडं आणून सोडलं, शिकावी म्हणून. डोळे मिटून देवासमोर खोटं बोलू मी? नाही म्हणणार.

सुरेखाआत्या : नको म्हणूस. अकरावीच्या फॉर्मवर माझी सही अजून व्हायचीय. उद्या पेटी भर, अन् बस लेण्यांपुढं आईशेजारी काकड्या विकत. पारू, ये गं बाहेर. तुझी लेक अडून बसलीय.

पारूबाई : (दारात येत) ऐकलं वन्सं. पिठाचे हात हायेत माझे.

सायली : आई, तू तरी सांग हिला.

पारूबाई : म्हण की, माय. एक वाक्य तर हाय. तुझ्या बापाच्या मयतीला हिच्या तोंडून याच्यापरीस लई ऐकलंय म्या.

सायली : मी म्हणेन, आणि तू काय करशील?

पारूबाई : समद्यांसंगं आमेन म्हणंन.

सुरेखाआत्या : मोठ्यानं म्हणायचं. नाताळात नुसते ओठ हलवत होतीस. चल सायली, दोन्ही हात जोड.

सायली : प्रभू, जिला मला सांभाळता आलं नाही, तिच्या हातून काढून तू मला खऱ्या आईच्या पदरात टाकलंस. म्हणून मी तुझे उपकार मानते. येशूच्या नावानं.

(आत कढईतलं तेल तडतडतं.)

पारूबाई : आमेन.

सुरेखाआत्या : रडका सूर नको, उपकारस्तुती आहे. आनंदानं म्हणायचं. परत एकदा, दोघींनीपण.

पारूबाई : डोळे गच्च मिट गं माय. म्हंजी मी म्होरं हाय असं वाटायचं नाय.