आईचे एकोणीस दिवस

मुलगी : नाही हो डॉक्टर, आई पडली नाही, भांडण नाही, काही नाही. आधी दोन महिने उदास होती. जेवण कमी, झोप नाही. मग एक दिवस सकाळी बस काढायला डेपोत जायचं म्हणून गणवेश घातला, खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही.

डॉक्टर : आणि तेव्हापासून एक शब्द नाही?

मुलगी : आज एकोणिसावा दिवस. आता तर घास भरवला तरी तोंडातच राहतो. परवापासून पाणीसुद्धा चमच्याने. मामा म्हणतो, नाटक आहे, बस चालवायचा कंटाळा आलाय तिला.

डॉक्टर : मामा डॉक्टर आहेत?

मुलगी : रंगाचं दुकान आहे त्याचं.

डॉक्टर : मग त्यांना रंगाचं विचारू. ताई, तुमचा हात उचलते हं मी. असा. आता सोडते.

मुलगी : खाली नाही आला.

डॉक्टर : नाही येणार.

मुलगी : हवेतच राहिला! डॉक्टर, हे आमच्या पुस्तकात आहे. मेणासारखं अंग. मी पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलंय. मनोविकारांच्या धड्यात यावर अर्धं पान आहे, दोन मार्कांना येतं. हिच्यासमोर बसून पाठ केलं मी ते. हिच्यासमोर! आणि मला कळलं नाही.

डॉक्टर : पुस्तकातलं माणूस आपली आई नसतं ना. रडू नकोस, ये इकडे. रक्ताचे, डोक्याचे रिपोर्ट ठीक आहेत. एक इंजेक्शन देते. खूप घाबरलेल्यांना, झोप न येणाऱ्यांना देतो तेच.

मुलगी : झोपेचं? ही तर आधीच दगड झालीये.

डॉक्टर : दगड नाही. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. लागू पडेलच असं नाही. बस तिच्याजवळ.

(दहा मिनिटं जातात. वर राहिलेला हात हळूहळू मांडीवर येतो.)

आई : पाणी.

मुलगी : डॉक्टर! डॉक्टर, बोलली!

डॉक्टर : मला काय सांगतेस? दे त्यांना.

मुलगी : चमच्याने देऊ की पेल्याने?

डॉक्टर : चमच्यानेच. बावीस वर्षं बघतेय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. थोडं थोडं पाज.

आई : सांडशील.

डॉक्टर : ताई, कुठे होतात इतके दिवस?

आई : घरीच. खुर्चीत.

मुलगी : मग बोलली का नाहीस गं?

आई : हलले असते तर तू गेली असतीस.

मुलगी : कुठे?

आई : मेली असतीस. मला पक्कं ठाऊक होतं. माझं बोट हललं की तू संपलीस. म्हणून धरून बसले. पापणीसुद्धा भीत भीत मिटायची.

मुलगी : एकोणीस दिवस?

आई : किती झाले कोण जाणे. मोजत बसले असते तर लक्ष गेलं असतं.

मुलगी : डॉक्टर, हे धड्यात नव्हतं.

डॉक्टर : नसतं. यांच्यासारखं कुणी उठून सांगतं, तेव्हा आम्हालाही कळतं.

आई : अजून भीती वाटतेय. बोलतेय, तरी वाटतेय.

डॉक्टर : वाटणारच. संध्याकाळपर्यंत परत गप्पही व्हाल कदाचित. मग परत सुई देऊ. काही दिवस इथेच राहा, सुटेल हळूहळू.

मुलगी : आई... तुला सगळं ऐकू येत होतं?

आई : सगळं. दादा नाटक म्हणाला, तेही.

मुलगी : आणि परवा मी ओरडले, ते?

आई : "वीट आलाय मला तुझा, बस अशीच, मी चालले." तेच ना?

मुलगी : आई, मला तसं म्हणायचं नव्हतं, मी फक्त...

आई : किती बरं वाटलं मला.

मुलगी : बरं वाटलं?

आई : केवढ्याने ओरडलीस! म्हटलं, आहे. पोर आहे माझी.