एका माणसाचं वजन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वायुदलाचे वरिष्ठ अधिकारी, आज सेवानिवृत्तीनिमित्त ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे भाऊजी, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

भाऊजी युद्धात ह्यांचे सहवैमानिक होते, म्हणून 'वहिनी, दोन शब्द बोला' असा आग्रह झाला. मला मेलं भाषण कुठलं जमायला!

आत्ताच ह्यांच्या शौर्यपदकाचं मानपत्र वाचलं गेलं. वाचणाऱ्यांचा आवाज छान होता हो. 'स्वतःची जागा जखमी सैनिकाला दिली. बलिदान सार्थकी लागलं.' त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

उंच डोंगरावर हवा विरळ असते. तिथून हेलिकॉप्टर उचलायचं तर वजन कमी करावं लागतं. ह्यांनी दारं काढली होती, मागच्या सीटा काढल्या होत्या. तरी शेवटचा जखमी आत घेतल्यावर ते जागचं हलेना. पोटात गोळी लागलेला शिपाई तो, त्याला परत खाली कोण ठेवणार? तेव्हा हेच उतरले. भाऊजींना म्हणाले, "तू ने रे ह्या जखमींना. मी पुढच्या फेरीत येतो." घरातून निघतानाही असंच, "हा आलोच," आणि मग तासभर पत्ता नाही.

पुढची फेरी झालीच नाही. शत्रूच्या तोफांनी ती जागाच भाजून काढली. आणि तो शिपाई? तो वाटेतच गेला. मानपत्रात हे लिहीत नाहीत. मला भाऊजींनी सांगितलं, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. "वहिनी, मी उतरायला हवं होतं."

तेव्हापासून ते येतात, गळका नळ दुरुस्त करतात, पंखा बघतात आणि चहा न घेताच निघतात. भाऊजी, सगळ्यांसमोर सांगते, हुकूम ह्यांचा होता. तुमचा काडीचा दोष नाही. आता तरी ते मनातून काढा.

पण सार्थकी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगेल का? दोघंही गेले. लेक विचारते, "आई, उतरताना बाबांना आपली आठवण झाली असेल का गं?" काय सांगू तिला? झाली असेल तर उतरले कसे, आणि झाली नसेल तर आम्ही त्यांचे कोण? अभिमान वाटतो, नाही कसा वाटणार? पण त्याने घर भरत नाही.

असो. अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आपली आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल तर आपण सर्वांनी मला माफ करावं. ह्यांना माफ करणं मला अजून जमलेलं नाही.