जोह्याहून आलेली डमी

आता यातला न्याय तुम्हीच सांगा. आमच्या पेणच्या नर्सिंग कॉलेजची मान्यतेसाठी तपासणी होती. मुलींच्या सरावाच्या डमीचा रंग उडालेला, म्हणून मी ती जवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या मूर्तिकाराकडे रंगवायला दिली. त्याने सवयीने गणपतीचे डोळे आखले.

तपासायला आलेले साहेब चक्रावले. "पेशंट बेशुद्ध ना? मग एवढा प्रसन्न कसा?"

"साहेब, आमच्या मुलींची सेवाच तशी!"

जाताना साहेबांनी डमीला नकळत हात जोडले. आम्हाला मान्यता मिळाली. रोह्याच्या कॉलेजात डमी कोरी करकरीत, पण त्यांना मान्यता नाकारली.

तिथल्या मॅडमचा रडवेला फोन आला. "पोरींचं वर्ष जाणार हो! पत्रात कारणच नाय. तुमचं कशावर झालं?"

मी आमचं मान्यतेचं पत्र काढून पाहिलं. त्यातही कारण नव्हतं.