उजवी पाकळी

बाळाला लसीचा डोस देऊन मी पेडण्याच्या बसस्टँडवर बसले होते. शेजारी एक बाई आणि तिचा भाऊ. तिचा मुलगा प्रज्योत जॉकी; उद्या मुंबईच्या डर्बी शर्यतीत घोडा पळवणार होता.

“विमल, चार नंबरवाला जोरात सुटतो, पण शेवटी दमतो. सात नंबराची घोडी ओल्या मैदानावर बरी, उद्या कोरडं असतलं. आपल्या प्रज्योतच्या घोड्याएवढा दम कोणात ना गे!”

“दादा, ह्याच घोड्यानं मागच्या शर्यतीत जॉकीला पाडलं ना?”

“वळणावर बिथरतो थोडा.”

“तो पोरगा कसा आहे आता?”

“जिंकणाऱ्या घोड्यात एवढी मस्ती असतेच.”

“मी पोराचं विचारलं.”

“अजून शुद्धीवर नाय.”

“सकाळी देवाला कौल लावलास, तेव्हा काय विचारलंस?”

“प्रज्योत जिंकणार काय, म्हणून. लगेच देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली, म्हणजे होकारच!”

“तेवढंच विचारलंस?”

“एका कामाला एकच कौल गे. परत विचारलं तर देव कोपतो.”

केरीची बस लागली.

“चल, चढ.”

“तू जा दादा. मी इथल्या देवळात जाते.”

“देऊळ बंद असतलं आता.”

“पायरीवर बसेन.”