उतार दादाच्या दुकानाकडे

गळक्या नळासाठी वायसर घ्यायला शिक्षिकाबाई हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. बाजूला एक नवरा-बायको पाइपांपाशी बोलत होते.

“प्लंबर काय म्हणाला?”

“कॉफीचं मशीन बसेल, सिंकही बसेल. पण सांडपाण्याला आपल्या बाजूने उतारच नाही. सगळा उतार दादाच्या दुकानाकडे.”

“मग पंप लावू या.”

“पंप बंद पडला की पाणी गिऱ्हाइकांच्या पायाखाली.”

“म्हणजे भाऊजींची फरशी फोडून पाइप न्यायचा. विचारा त्यांना.”

“बाबांच्या दुकानाची वाटणी झाल्यापासून आम्ही बोललेलो नाही. कुठल्या तोंडाने विचारू?”

“आहे त्याच. नाहीतर कॉफी शॉपचं विसरा.”

नवरा फोन घेऊन पायरीवर गेला. तेवढ्यात बाईंचा नंबर आला, पण त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. बऱ्याच वेळाने तो परत आला.

“नाही म्हणाले ना?”

“म्हणाला, फरशी मीच उचकटतो, तुझा प्लंबर वाटोळं करेल.”

“बघा. उगाच घाबरत होता. आणखी काय म्हणाले?”

“विचारत होता, तुझ्याकडे बिनसाखरेची कॉफी मिळेल ना.”

“भाऊजी आणि बिनसाखरेची? कपात चमचा उभा राहील इतकी साखर लागते त्यांना.”

“लागायची. शुगर निघाली त्याला. दोन वर्षं झाली म्हणे.”

“आणि आपल्याला?”

“आपल्याला आत्ता कळतंय.”